स्टीअरिंग ढिलं झालंय? आधी सांधा शोधा, मग पाना उचला

सरळ रस्त्यावरही गाडी सारखी सावरत न्यावी लागते. खडबडीत रस्त्यावर पुढून 'टक-टक' ऐकू येतं. स्टीअरिंग दोन बोटं फिरवलं तरी चाकांना त्याचा पत्ता नसतो. अशी तक्रार घेऊन गेलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "टाय रॉड गेलेत." टाय रॉड एंड बदलतात, आवाज राहतो. मग लोअर आर्म बदलतात, आवाज थोडा कमी झाल्यासारखा वाटतो. मग रॅकचा विषय निघतो. एकेक पार्ट बदलत दोषापर्यंत पोचण्याचा हा मार्ग सगळ्यात महाग पडतो आणि त्याची गरजही नसते. स्टीअरिंगच्या चाकापासून रस्त्यावरच्या चाकापर्यंत जेमतेम पाच-सहा सांधे असतात. त्यातला जवळजवळ प्रत्येक सांधा हाताने तपासता येतो. म्हणून या लेखातला बराचसा भाग तपासणीचा आहे. ती नीट झाली की बदलण्याचं काम निम्म्याने सोपं होतं.

पुढचं सगळं रॅक अँड पिनियन स्टीअरिंग आणि पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र असलेला उभा खांब) असलेल्या गाड्यांना धरून लिहिलं आहे. बहुतेक कौटुंबिक गाड्या याच रचनेच्या असतात.

काय कशाला जोडलेलं असतं

स्टीअरिंगचा कॉलम खाली पायांपाशी येतो. तिथून युनिव्हर्सल जॉइंट असलेला एक छोटा मधला शाफ्ट पिनियन या छोट्या दातेरी चाकापर्यंत जातो. पिनियन फिरला की रॅकचा दातेरी दांडा डावी-उजवीकडे सरकतो. रॅकच्या दोन्ही टोकांना एकेक बॉल जॉइंट, म्हणजे घरात फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा, असतो. त्याला आपल्याकडे 'रॅक एंड' म्हणतात आणि तो रबरी बूटच्या आत दडलेला असतो. रॅक एंडचाच दांडा पुढे बाहेर येतो आणि त्याच्या टोकावर आटे फिरवून टाय रॉड एंड बसवलेला असतो. टाय रॉड एंडचा निमुळता स्टड नकलच्या, म्हणजे चाकाचा हब ज्या ओतीव भागात बसतो त्याच्या, कानात घट्ट रुतलेला असतो. हीच नकल खालून लोअर आर्मच्या (चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बॉल जॉइंटवर आणि वरून स्ट्रटच्या माउंटिंगवर फिरते. यातला कुठलाही एक सांधा झिजला तरी स्टीअरिंगवर बसलेल्याला सगळं सारखंच जाणवतं. नेमकी इथेच फसगत होते.

गाडी उचलायच्या आधी

टायरमधली हवा तपासा. वेळ लागत नाही आणि 'गाडी भरकटते' ही तक्रार कधी कधी इथेच संपते. व्हील नट घट्ट आहेत का तेही पाहा. ढिल्या नटांचा आवाज हुबेहूब झिजलेल्या सांध्यासारखा येतो.

मग पुढच्या टायरवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने कातरी धार हाताला लागली, तर टो, म्हणजे चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप, बिघडला आहे. टायर सरळ न लोळता फरफटतोय. टो दोन कारणांनी बिघडतो: सांधा झिजल्याने, किंवा चाक कुठेतरी जोरात आपटून काहीतरी वाकल्याने. दोन्ही टायरच्या फक्त आतल्या कडा खाल्ल्या असतील तर चाकं पुढून बाहेर फाकलेली असण्याची शक्यता जास्त. बाहेरच्या कडा खाल्ल्या असतील तर उलट.

थरथरीच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवा. साधारण ८० ते ११० किमी वेगातच स्टीअरिंग थरथरतं आणि वेग बदलला की थांबतं, अशी तक्रार असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग पाहा. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर ब्रेक डिस्क पाहा. गाडी एकाच बाजूला ओढत असेल तर पुढच्या दोन टायरची डावी-उजवी अदलाबदल करा. ओढ बाजू बदलून गेली तर दोष टायरचा आहे. एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेल्या, बाजूवर बाण असलेल्या टायरना मात्र ही युक्ती चालत नाही.

शेवटी स्टीअरिंगचा प्ले, म्हणजे चाकं न हलता होणारी मोकळी हालचाल, मोजा. चाकं सरळ आणि गाडी जमिनीवर ठेवा. हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. स्टीअरिंगच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि पुढची चाकं हलायला लागेपर्यंत तो किती सरकतो ते पट्टीने पाहा. अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये कमाल मर्यादा ३० मिमी दिलेली असते, काहींमध्ये तीही कमी. पण प्ले मर्यादेत आला म्हणून सगळे सांधे शाबूत आहेत असं होत नाही. एकच टाय रॉड एंड बराच झिजला तरी हा आकडा फारसा वाढत नाही.

दोघांची तपासणी

सगळ्या तपासण्यांत मला हीच सर्वात खात्रीची वाटते, कारण गाडीचं वजन चाकांवर असतं आणि सांधे रोजच्या ताणाखाली असतात. एकाने आत बसून, इंजिन बंद आणि किल्ली स्टीअरिंग लॉक सुटेल इतकी फिरवून, स्टीअरिंग डावी-उजवीकडे झटपट हलवायचं. फार नाही, फक्त जड लागायला सुरुवात होईपर्यंत, आणि थांबायचं नाही. दुसऱ्याने बाहेरून, चाक थोडं वळवून मोकळ्या झालेल्या जागेतून, सांध्यांना हात लावायचा. जॅकवरच्या गाडीखाली शिरून हे करायचं नाही.

हात कसा लावायचा ते महत्त्वाचं. अंगठा नकलच्या कानावर आणि तर्जनी टाय रॉड एंडच्या घरावर ठेवा, दोन्ही एकाच वेळी. सांधा चांगला असेल तर दोन्ही बोटांखालची हालचाल एकाच क्षणी सुरू होते. झिजलेल्या सांध्यात आधी घर हलतं, मग सूक्ष्म टिचकी बसते आणि त्यानंतर कान हलतो. डोळ्याला दिसणार नाही इतकी ढिलाईसुद्धा बोटांना स्पष्ट कळते. हाच प्रकार एकेका सांध्यावर करत आत जा. रॅकचा बूट मऊ असेल तर वरून दाबून आतला गोळा पकडा. बूट कडक प्लॅस्टिकचा असेल तर बाहेरचा क्लॅम्प सोडून तो मागे सरकवावा लागेल. रॅकचं घर चासीवर जिथे बोल्ट केलेलं असतं तिथेही पाहा. अख्खं घरच डावी-उजवीकडे सरकत असेल तर रॅकचे बुश, म्हणजे त्याला धरणारे रबरी तुकडे, गेलेत आणि टाय रॉड निर्दोष आहे. सर्वात शेवटी पायांपाशी मधल्या शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटवर हात ठेवा. तिथली ढिलाई स्टीअरिंगमध्ये थेट हाताला टोचते. तो जॉइंट गंजून जाम झाला असेल तर स्टीअरिंग एका फेऱ्यात ठरावीक ठिकाणी जड, ठरावीक ठिकाणी हलकं लागतं.

हात घालताना बोटं दोन हलत्या भागांच्या मध्ये येऊ देऊ नका. आत बसलेल्याला 'थांब' म्हटल्यावर लगेच थांबायला आधीच बजावून ठेवा.

चाक उचलून

सपाट, टणक जागा निवडा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडणी लावा, जॅकने उचला आणि लगेच जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीशी झटापट करू नका. या कामात जीव जायची खरी शक्यता इथेच असते.

एका वेळी पुढचं एकच चाक उचला. दुसरं जमिनीवर असलं की रॅक जागेवर राहतो आणि तुम्ही हलवताय त्याच बाजूची ढिलाई कळते. आता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ९ आणि ३ वर पकडून चाक हलवा, मग १२ आणि ६ वर. फक्त ९-३ ला हललं तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. १२-६ ला हललं तर लोअर बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग किंवा वरचं माउंटिंग. दोन्हीकडे सारखंच हललं तर बेअरिंगचा संशय धरा आणि मदतनीसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबताच ढिलाई नाहीशी झाली तर बेअरिंगच, कारण ब्रेकने हब आणि नकल एकमेकांना जखडले. ब्रेक दाबूनही हलत असेल तर दोष नकलच्या पलीकडे, सांध्यांत आहे.

लोअर बॉल जॉइंटसाठी आर्म आणि नकल यांच्यामध्ये लांब टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकेच उचकटा. मॅकफर्सन रचनेत स्प्रिंगचा भार या जॉइंटवर नसतो, म्हणून चाक लटकतं ठेवून तपासलं तरी चालतं. स्प्रिंग लोअर आर्मवरच टेकलेली असते अशा गाड्यांत मात्र जॅक आर्मखाली लावावा लागतो. नाहीतर स्प्रिंग सांध्याला ताणून ठेवते आणि झिजलेला जॉइंटही घट्ट भासतो. आर्मचा रबरी बुश थोडा लवचिक असणारच. त्याच्या हालचालीला बॉल जॉइंटची ढिलाई समजू नका.

बूट फाटलाय पण प्ले नाही, अशी स्थितीही सापडेल. ग्रीस बाहेर आणि पाणी-माती आत गेली की सांधा फार टिकत नाही. चीर ताजी असेल आणि आतलं ग्रीस स्वच्छ असेल तर नुसता बूट बदलून भागू शकतं. बोटाला कचकच लागली तर सांधाच बदला. हायड्रॉलिक स्टीअरिंगच्या रॅकचा बूट दाबल्यावर आत तेल खळखळलं तर रॅकचं सील गेलंय. तिथे टाय रॉड बदलून काही साधणार नाही.

पार्ट घेताना

टाय रॉड एंड डावा-उजवा वेगळा असू शकतो, आणि एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक आट्यांचा व्यास बदललेला असतो. म्हणून चासी नंबरवरून पार्ट घ्या. हातात आल्यावर जुन्याशेजारी ठेवून लांबी, आटे आणि स्टडची निमुळती जाडी जुळवा. नव्या सांध्याचा स्टड हाताने फिरवताना चांगलाच जड लागला पाहिजे. सहज गरगर फिरला तर परत करा. दोन्ही बाजू एकदम बदलायच्या का? दुसरी बाजू तपासणीत घट्ट निघाली तर मी ती तशीच ठेवतो. मात्र दोन्ही एकाच वयाच्या असतील आणि दुसऱ्याचा बूट तडकलेला असेल तर एकाच अलाइनमेंटमध्ये (चाकांचे कोन जुळवण्याच्या कामात) दोन्ही उरकणं शहाणपणाचं.

टाय रॉड एंड बदलणं

आदल्या दिवशी लॉकनट (एंडला रॉडवर जागीच घट्ट धरणारा नट) आणि आट्यांवर वायर ब्रश मारून गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. रात्रभर मुरलेला स्प्रे ताकदीपेक्षा जास्त काम करतो.

चाक काढा. पहिलं काम मोजमापाचं. स्टडच्या मध्यापासून टाय रॉडवरच्या एखाद्या ठळक खुणेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. लॉकनट जिथे आहे तिथे आट्यांवर रंगाची रेघ ओढा. फोटोही काढा. नंतर पार्ट सोडवताना फेरे मोजायचे आहेत, पण नव्या पार्टची लांबी जुन्याशी अगदी तंतोतंत नसते, म्हणून नुसत्या फेऱ्यांवर भिस्त ठेवू नका.

दुसरं काम: एंड अजून नकलमध्ये रुतलेला असतानाच लॉकनट सोडवा. तो आधीच पक्का धरलेला असल्याने जोर लावता येतो. टाय रॉडवर पान्यासाठी चपट्या बाजू दिलेल्या असतात. दुसरा पाना तिथे लावून रॉड स्थिर ठेवा, नाहीतर पीळ थेट आतल्या रॅक एंडवर आणि बूटवर जातो. लॉकनट पाव फेरा सुटला की थांबा. काही गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असतात. नट हलतच नसेल तर जोर वाढवण्याआधी आट्यांची दिशा बघा.

आता स्टडचा नट. कॅसल नट (वर खाचा असलेला) असेल तर त्यातून आरपार घातलेली स्प्लिट पिन सरळ करून ओढून काढा. ती पुन्हा वापरायची नाही. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) सोडवताना कधी स्टडच गोल फिरायला लागतो. अशा वेळी स्टडच्या टोकाला अ‍ॅलन की बसायला खाच आहे का ते पाहा. नसेल तर सांध्याखाली जॅक हलकेच टेकवून वर दाब द्या, म्हणजे निमुळता भाग पकड घेतो. नट पूर्ण काढू नका, स्टडच्या टोकाशी समपातळीत येईपर्यंतच सोडा. सांधा अचानक सुटला तर नट त्याला अडवतो आणि आटेही वाचतात.

निमुळता स्टड नुसता ओढून निघत नाही. सगळ्यात बरा उपाय म्हणजे बॉल जॉइंट पुलर. तो बसवून ताण द्या, आणि तरी सुटला नाही तर ताण तसाच ठेवून नकलच्या कानावर बाजूने हातोडीचा एक टणका द्या. कान क्षणभर दबतो आणि स्टड 'ठक' करून खाली येतो. हातोडी स्टडच्या टोकावर मारू नका. आटे पसरतात आणि सांधा हलतही नाही. नकल अ‍ॅल्युमिनियमची असेल तर हातोडी बाजूला ठेवा, फक्त पुलर वापरा. दोन दातांची पाचर ठोकून सांधा सोडवायची पद्धतही प्रचलित आहे, पण ती बूट हमखास फाडते. जुना पार्ट टाकूनच द्यायचा असेल तरच ती वापरा.

एंड सुटला की फेरे मोजत तो काढा. हीच वेळ रॅक एंड तपासायची. आता रॉड एका टोकाने मोकळा आहे. तो हाताने वर-खाली करताना थोडा विरोध जाणवला पाहिजे. सोडल्यावर स्वतःच्या वजनाने लटकन खाली पडला तर आतला सांधाही संपला आहे, आणि नवा टाय रॉड एंड बसवून गाडी बंद करण्यात अर्थ नाही.

नवा पार्ट बसवताना रॉडचे आटे साफ करून त्यांवर थोडं ग्रीस लावा, पुढच्या वेळी दुवा द्याल. नकलच्या छिद्रात आणि स्टडच्या निमुळत्या भागावर मात्र ग्रीस, तेल, रंग काहीच नको. तिथे धातूला धातू कोरडाच भिडला पाहिजे. मोजलेल्या अंतरापर्यंत एंड फिरवा, स्टड कानात घाला आणि नवा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला कसा. छोट्या गाड्यांत तो बहुधा ३५ ते ५५ न्यूटन-मीटर असतो, पण आकडा तुमच्या गाडीचाच घ्या. कॅसल नटचं भोक जुळलं नाही तर नट पुढे, म्हणजे घट्ट करण्याच्या दिशेनेच, न्या. पिन घालण्यासाठी मागे सैल करणं ही या कामातली सगळ्यात धोकादायक सवय आहे. पिन नवी घाला आणि दोन्ही पाय वळवा. लॉकनट कसताना सांध्याचं घर कोणत्याही बाजूला तिरकं अडकलेलं नसेल याकडे लक्ष द्या.

रॅक एंड

हे काम थोडं वरच्या पायरीचं. बाहेरचा एंड आणि लॉकनट काढून बूटचे क्लॅम्प सोडा आणि बूट बाहेर ओढा. आत रॅकवर आट्यांनी बसलेला गोळा दिसेल. काही गाड्यांत त्याखाली वॉशर असतो आणि त्याचा ओठ गोळ्याच्या खाचेत दुमडलेला असतो. तो आधी सरळ करा. मग नळीसारखं लांब हत्यार दांड्यावरून सरकवून गोळा पकडा आणि सोडवा. यावेळी रॅकच्या दांड्याला पाना धरायची जागा असेल तर तो धरूनच ठेवा, कारण सगळा पीळ पिनियनच्या दातांवर गेला की चांगला रॅक खराब होतो. दांड्याच्या गुळगुळीत भागाला पाइप पाना कधीच लावू नका. त्यावर उठलेला एक ओरखडाही सील खातो. नवा गोळा ठरलेल्या टॉर्कला कसा, वॉशर नव्याने दुमडा, बूट नवा घाला. बूटच्या अरुंद तोंडाला आतून थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. अलाइनमेंट करताना रॉड फिरतो, तेव्हा कोरडा बूट त्याच्याबरोबर पिळला जातो आणि काही महिन्यांत फाटतो.

रॅकच्या घरावर एक मोठा नट आणि आत स्प्रिंग असते. तिने रॅक पिनियनवर दाबलेला राहतो. खडखड थांबवण्यासाठी तो नट कसणारे पुष्कळ आहेत. आवाज थांबतो हे खरं, पण जरा जास्त कसलं की वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही. त्याची अचूक पद्धत हाताशी नसेल तर त्याला हात लावू नका. अख्खा रॅक, कॉलम किंवा मधला शाफ्ट बदलणंही वर्कशॉपवर सोडा. शाफ्ट सुटलेला असताना स्टीअरिंग गरगर फिरलं तर एअरबॅगची गुंडाळलेली पट्टी तुटते. शिवाय इलेक्ट्रिक स्टीअरिंगचा कोन-सेन्सर पुन्हा शून्यावर आणायला स्कॅनर लागतो.

अलाइनमेंट टाळता येत नाही

मोजून-मापून बसवलं तरी का, याचा हिशेब बघा. आट्यांची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.५ मिमी आणि नकलचा कान फिरण्याच्या अक्षापासून साधारण १३० मिमी दूर धरली, तर एंडचा एक पूर्ण फेरा चाक सुमारे ०.६६ अंशाने वळवतो. ६०० मिमी व्यासाच्या टायरवर पुढच्या आणि मागच्या कडेत तो जवळपास ७ मिमीचा फरक होतो. म्हणजे अर्ध्या फेऱ्याची चूकसुद्धा ३ मिमीपेक्षा जास्त, आणि टोची एकूण मर्यादा बऱ्याच गाड्यांत एक-दोन मिमीची असते.

अलाइनमेंटपर्यंत गाडी नेण्यापुरता अंदाज घरी घेता येतो. चाकं सरळ ठेवून दोन्ही पुढच्या टायरच्या मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर, खडूने खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. मग गाडी हाताने पुढे ढकलून त्याच खुणा अर्ध्या फेऱ्याने पुढे आणा आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांत काही मिलिमीटरपेक्षा जास्त तफावत असेल तर लांबची फेरी नको, हळू आणि जवळच जा.

व्हील नट फुलीच्या क्रमाने टॉर्क रेंचने कसा आणि ५०-१०० किमीनंतर पुन्हा तपासा. पहिल्या फेरीत आधी मोकळ्या जागेत दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा: बूट कुठे घासत नाही ना, ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना. अलाइनमेंट झाल्यावर गाडी सरळ जातेय पण स्टीअरिंग वाकडं आहे, असं झालं तर स्टीअरिंग काढून सरळ बसवून देतो म्हणणाऱ्याला नकार द्या. एका बाजूचा टाय रॉड जितका आत, तितकाच दुसऱ्या बाजूचा बाहेर फिरवला की टो न बदलता स्टीअरिंग मध्यावर येतं, आणि तेवढं केल्याशिवाय ते अलाइनमेंट पूर्ण झालं असं धरू नका.